काड्या घट्ट करायचे किती?

चष्म्याच्या दुकानात दिवसातून एकदा तरी हा प्रसंग घडतो. पंचविशीतला एखादा मुलगा येतो, बॅगेतून नवाकोरा चष्मा काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "काका, सारखा नाकावरून घसरतोय. जरा बघता का?" काकांना एका नजरेत कळतं की हा आपल्याकडचा नाही, पार्सलने आलेला आहे. तरी ते काडी हीटरवर धरतात, कानामागचा बाक थोडा वाढवतात, नोजपॅड आत दाबतात, स्क्रू पिळतात आणि काचा पुसून चष्मा परत देतात. "किती झाले?" "अरे, याचे काय घ्यायचे!" मुलगा थँक्यू म्हणून निघून जातो.

पारंपरिक चष्मेवाल्याची सगळी अडचण या पाच मिनिटांत सापडते. ऑनलाइन विकणाऱ्याला जे काम जमतच नाही ते काका फुकट करतात. आणि फ्रेम विकण्याचं जे काम त्याला काकांपेक्षा स्वस्तात जमतं, त्यावर काकांचं घर चालतं.

हे असं का झालं ते समजायला एक बिल डोळ्यांसमोर आणू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. फ्रेम १,२०० रुपये, काचा १,३०० रुपये, एकूण २,५००. काकांना फ्रेम घाऊक बाजारात ४०० ला पडली, काचा ४५० ला. वर राहिले १,६५०. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढी ही लूट! पण याच रकमेतून दुकानाचं भाडं, वीज आणि पोराचा पगार जातो. न विकल्या गेलेल्या शंभर फ्रेममध्ये अडकलेला पैसाही यातच धरायचा. शिवाय नंबर काढायला गेलेली वीस मिनिटं, काच घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम आणि पुढची दोन वर्षं "जरा बघता का" म्हणून येणाऱ्या फेऱ्या. या कामांची किंमत बिलात कुठेच लिहिलेली नाही. ती फ्रेमच्या पोटात दडवलेली आहे.

फ्रेमचा घाऊक भाव गिऱ्हाइकाला दिसत नव्हता तोवर हे चाललं. दिल्लीच्या बल्लीमारान या चष्म्यांच्या घाऊक बाजारात कुठली फ्रेम काय भावाने मिळते हे पूर्वी फक्त व्यापाऱ्याला माहीत असायचं. आता तशीच दिसणारी फ्रेम फोनवर पाचशेला दिसते. काकांनी भाव वाढवलेला नाही, पण त्यांचा हिशेब उघडा पडला. दुसऱ्याची फ्रेम तपासणीचा खर्च पोटात घेऊन येत नाही, म्हणून ती स्वस्त दिसते.

शिंप्यांच्या बाबतीत हे आपण आधी पाहिलं आहे. तयार कपडे आले आणि शर्ट-पँट शिवणाऱ्यांची दुकानं एकेक करून बंद पडली. पण ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडे दिवाळीच्या आधी महिनाभर नंबर लागत नाही. कापड तुम्ही कुठूनही आणा, त्यांना फरक पडत नाही. त्यांची कमाई मापात आणि शिलाईत आहे, आणि शिलाईचा दर त्या तोंडावर सांगतात. चष्म्याच्या दुकानापुढचा प्रश्न एवढाच आहे की आपण कापड विकतो की शिलाई?

ऑनलाइनवाला खरंच ऑनलाइन आहे का?

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. लेन्सकार्टचं संकेतस्थळ २०१० मध्ये चष्मे विकू लागलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. तोवर भारतात तिची दोन हजारांहून जास्त दुकानं झाली होती. अमेरिकेतली वॉर्बी पार्कर ही कंपनीही २०१० सालचीच. "घरी पाच फ्रेम पाठवतो, आवडेल ती ठेवा" अशी तिची सुरुवात होती. २०१३ मध्ये तिने न्यूयॉर्कला दुकान उघडलं आणि आज तिची अडीचशेहून जास्त दुकानं आहेत.

म्हणजे ऑनलाइन कंपन्यांना शेवटी रस्त्यावर यावंच लागलं. डोळे तपासायला माणूस समोर बसवावा लागतो आणि फ्रेम नाकावर ठेवून बघावी लागते. मग त्यांचं बळ कशात आहे? मधले हात काढून टाकण्यात. कारखाना, काचा घासण्याची मोठी यंत्रं, ब्रँड आणि दुकान हे सगळं एका मालकाचं. लेन्सकार्टचे कारखाने भिवाडी आणि गुरुग्रामला आहेत; देशभरातल्या ऑर्डरी तिथे एकत्र येतात आणि तयार चष्मे विमानाने परत जातात. टाटांच्या टायटनने २००७ मध्ये चष्म्यांची दुकानं सुरू केली, तेव्हाच ही दिशा दिसायला हवी होती. आमच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा एसी आणि काचेची कपाटं पाहिली, मागची यंत्रणा पाहिली नाही.

म्हणून "आपणही ॲप काढू" हा सल्ला मला वेळेचा अपव्यय वाटतो. गल्लीतल्या दुकानाने ॲप काढून गुरुग्रामशी भावात स्पर्धा करायची म्हणजे रिक्षाने विमानाशी शर्यत लावायची. व्हॉट्सॲपवर चार फ्रेमचे फोटो पाठवावेत, नकाशावर दुकानाची जागा, वेळ आणि फोन नंबर नीट असावा. एवढं पुरे.

नंबर बरोबर, तरी डोकं का दुखतं?

आता मापाकडे येऊ, कारण खरा माल तिथे आहे.

चष्म्याच्या प्रत्येक काचेला एक मध्यबिंदू असतो. तो डोळ्याच्या बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवा. दोन बाहुल्यांमधल्या अंतराला दुकानात सगळे 'पीडी' म्हणतात. मोठ्या माणसांमध्ये ते साधारण ६० ते ६५ मिलिमीटर असतं, पण प्रत्येकाचं वेगळं. समजा तुमचं अंतर ६२ आहे आणि चष्मा ६८ धरून बनला. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरची चूक झाली. तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढी ही चूक, त्याने काय बिघडणार?

इथे एक साधा गुणाकार आहे. मध्य जितके सेंटिमीटर सरकला त्याला काचेच्या नंबराने गुणायचं. नंबर उणे ५ असेल तर ०.३ गुणिले ५, म्हणजे दीड. दोन्ही डोळे मिळून तीन. काच आता नुसतं भिंग राहिली नाही, तिच्यात तीन एककांचा प्रिझम आला. प्रकाश आपल्या जागेवरून सरकला. डोळ्यांचे स्नायू दिवसभर ती सरक ओढून सरळ करत राहतात आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं. माणूस म्हणतो, "नंबर चुकला." नंबर बरोबर असतो, काच चुकीच्या जागी बसलेली असते.

हाच गुणाकार उलटा वाचला तर ऑनलाइनची बाजूही दिसते. नंबर उणे १ असेल तर तेवढीच चूक पाचव्या हिश्श्याची उरते, आणि ती बहुतेकांना जाणवतही नाही. कमी नंबराचा, एकाच अंतराचा चष्मा फोनच्या कॅमेऱ्याने माप घेऊन मागवला तर तो चालून जातो. काउंटरवर "ऑनलाइन घेतलात तर डोळे जातील" असं सांगणारे दुकानदार आहेत. ते खोटं आहे. गिऱ्हाइकाने एकदा मागवून पाहिलं आणि ठीक निघालं, की तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

नंबर मोठा असला की मात्र खेळ बदलतो, आणि चाळिशी लागली की पूर्णच बदलतो. वयाला आणि चष्म्याला एकच शब्द देणारी आपली भाषा! चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं. मग एकतर वाचायचा वेगळा चष्मा, किंवा बायफोकल, नाहीतर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचं, मध्ये संगणकाचं आणि खाली वाचायचं असा एकाच काचेत रेषेशिवाय उतरत जाणारा नंबर. या काचेत स्पष्ट दिसण्याची वाट अरुंद असते. बाहुली काचेत किती उंचीवर येते, फ्रेम चेहऱ्याशी किती कललेली आहे, काच डोळ्यापासून किती लांब आहे, ही सगळी मापं तीच फ्रेम त्याच नाकावर ठेवून घ्यावी लागतात. उंची दोन-तीन मिलिमीटर चुकली तर माणूस जिना उतरताना पायरी चुकतो, आणि वाचायला मान वर करून बसतो. तो चष्मा महिन्याभरात कपाटात जातो.

म्हणजे गल्लीतल्या दुकानाचं गिऱ्हाईक कोण, हे या मापावरूनच ठरतं. चाळिशीपुढचे, मोठ्या नंबराचे, तिरप्या सिलिंडरचे (म्हणजे एका तिरक्या दिशेला वेगळा नंबर लागणारे), मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्याने बघणारे, आणि ज्यांचा नंबर दरवर्षी वाढतो ती शाळेतली मुलं. कॉलेजच्या मुलाला चौथी फॅन्सी फ्रेम विकण्याच्या नादी लागू नये. ती लढाई गेली.

कायदा कुणाच्या बाजूने?

चष्मेवाला आणि नियम हा विषय निघाला की दुकानदार हात वर करतो. "आधीच धंदा नाही, त्यात हे कागद!" राग खरा आहे. पण नीट पाहिलं तर यातले बरेचसे नियम माप घेणाऱ्याच्या बाजूला झुकतात.

आपल्याकडे चष्म्याचं दुकान काढायला आजवर कसलं शिक्षण लागत नव्हतं. वडिलांकडून मुलगा शिकला, मुलाकडून कामाला ठेवलेला पोरगा. मग २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपिस्टसारख्या व्यवसायांबरोबर ऑप्टोमेट्रिस्टही, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाराही, आला. शिक्षण कसं हवं, नोंदणी कुठे, कोण स्वतःला काय म्हणवू शकेल, हे यातून ठरत जाणार आहे. ज्यांच्या घरात पुढची पिढी आहे त्यांनी मुलाला किंवा मुलीला नुसतं गल्ल्यावर बसवण्याआधी ऑप्टोमेट्रीची पदवी घ्यायला लावावी. नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्ट दुकानात असणं हा उद्या पाटीवर लिहिण्याचा मुद्दा होईल.

कॉन्टॅक्ट लेन्स हा दुसरा मुद्दा. ती डोळ्याच्या बुबुळावर बसते, म्हणून ती २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येते. अशी उपकरणं विकणाऱ्याने राज्याच्या औषध प्रशासनाकडे नोंदणी करायची असते. त्या प्रमाणपत्राचा फॉर्म एमडी-४२. मालाची बॅच आणि मुदत सांभाळणं ओघाने आलंच. कटकट आहे. पण लग्नसराईत रंगीत लेन्सचे डबे कुणीही कुठूनही मागवतो, नळाच्या पाण्याने धुतो आणि डोळा लाल करून दवाखाना गाठतो. नळाच्या पाण्यातला अकॅन्थअमीबा हा जीव बुबुळाला जडला तर नजर जाऊ शकते. लेन्सचा बाक आणि व्यास डोळ्याला जुळतो का ते पाहणं, घालायला-काढायला शिकवणं, हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याचे पैसे मागायला लाजायचं कारण नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र दुकानदारालाही टोचतो. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पिढ्यान्‌पिढ्या छापलेली ओळ बिलावरून आजच काढा. सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हा या कायद्यात अनुचित व्यापार आहे. बिल न देणं हाही. 'कच्च्या चिठ्ठी'वर धंदा करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. पक्क्या बिलाशिवाय ऑनलाइनवाल्यासमोर उभंच राहता येत नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाकडे प्रत्येक गोष्टीचा कागद असतो.

ऑनलाइन विक्रेत्यांसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत: माल कुठल्या देशात बनला ते सांगायचं, तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची, महिन्यात निकाली काढायची. तुम्ही स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला लागलात की हे तुम्हालाही लागू होतं. आणि नोव्हेंबर २०२३ पासून फसव्या मांडणीवर मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणं, पैसे देताना न मागितलेली वस्तू टोपलीत घुसवणं, किंवा आधी एक भाव दाखवून शेवटी वेगळाच लावणं, हे सगळं त्यात मोडतं. फ्रेम पाचशेला दाखवायची आणि शेवटच्या पायरीपर्यंत काचा, कोटिंग धरून दोन हजारांवर न्यायची, ही युक्ती गिऱ्हाइकाला समजावून सांगा. मात्र तुमच्या काउंटरवरही तसंच घडत असेल, तर आधी ते थांबवा.

जीएसटीचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबराचे चष्मे, चष्म्याच्या काचा, फ्रेम आणि कॉन्टॅक्ट लेन्स ५ टक्क्यांवर आले. बिननंबरी गॉगल १८ टक्क्यांवरच राहिला. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचे कोड वेगळे ठेवा, नाहीतर गॉगल ५ टक्क्यांत विकला जाईल आणि फरक खिशातून भरावा लागेल. दर उतरला तो गिऱ्हाइकालाही माहीत आहे. जुना छापील भाव दाखवून गप्प बसू नका.

अमेरिका आणि ब्रिटन इथे उपयोगी पडतात. अमेरिकेत १९७८ पासून नियम आहे की डोळे तपासल्याबरोबर नंबराचा कागद रुग्णाच्या हातात द्यायचा, त्याने मागितला नसला तरी. मग तो चष्मा कुठेही घेऊ दे. गंमत अशी की त्या कागदावर पीडी लिहिण्याची सक्ती त्या नियमात नाही, आणि त्यावरून तिथे चष्मेवाले आणि ऑनलाइन कंपन्या वर्षानुवर्षं भांडत आहेत. ब्रिटनने १९८४ मध्ये चष्मे विकण्याची ऑप्टिशियन लोकांची मक्तेदारी काढून घेतली. सोळा वर्षांखालच्या मुलांचे चष्मे मात्र नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीखालीच विकायचे, हे कायम ठेवलं. आता सगळी जुनी दुकानं बुडणार असं वाटत होतं. त्याच वर्षी डग आणि मेरी पर्किन्स या ऑप्टोमेट्रिस्ट जोडप्याने स्पेकसेव्हर्स सुरू केलं. युक्ती साधी होती: प्रत्येक दुकानात स्थानिक ऑप्टोमेट्रिस्ट भागीदार असेल आणि खरेदी, जाहिरात, हिशेब सगळ्यांचा एकत्र होईल. आज ते ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या साखळ्यांपैकी एक आहे. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्रात दहा चष्मेवाल्यांना मिळून काच घासायचं एक चांगलं स्वयंचलित यंत्र घेता येत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आज प्रत्येक जण आपापल्या ऑर्डरी शहरातल्या लॅबला पाठवतो आणि गिऱ्हाइकाला "परवा या" सांगतो.

फक्त एक सावधगिरी. यंत्र मिळून घ्या, पण संघटनेच्या बैठकीत "तालुक्यात सगळ्यांनी तपासणीचा एकच दर घ्यायचा" असा ठराव करू नका. आपसात भाव ठरवणं स्पर्धा कायदा २००२ मध्ये बसत नाही, आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांना अशा प्रकारांत दंड झालेले आहेत. दर ज्याचा त्याने ठरवायचा.

मग उद्या सकाळी काय करायचं?

पहिल्यांदा ते जुने रजिस्टर काढा. आजोबा, आई आणि नात अशा तीन पिढ्यांचे नंबर एका वहीत, पेनने लिहिलेले. कुठल्याही कंपनीकडे तुमच्या गल्लीची एवढी माहिती नाही. कुणाच्या मुलाचा नंबर दोन वर्षांत दीडने वाढला, कुणाला चाळिशी लागायची वेळ झाली, हे त्यात आहे. ती वही संगणकावर घ्या आणि वर्ष झालं की एक फोन करा. पण माहिती घेताना माणसाची संमती घ्या, आणि ती कुणाला देऊ नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले.

मुलांच्या वाढत्या नंबराकडे तर स्वतंत्र लक्ष हवं. नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास काचा आता मिळतात. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून द्यायच्या असतात आणि दर सहा महिन्यांनी तपासणी लागते. दिवसाचे दोन तास मुलाला उजेडात खेळू द्या, हा सल्ला तर फुकटच द्यावा. ज्या आईला तुम्ही हे सांगितलं ती पुढची दहा वर्षं तुमच्याकडेच येते. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ट्रायल बॉक्स, म्हणजे नंबर काढायच्या काचांची पेटी, घेऊन जाणं हेही असंच काम आहे, वाढत जाणारं.

आणि शेवटी ती दरांची पाटी. नंबर तपासणी इतके. पीडी आणि प्रोग्रेसिव्हची मापं इतकी, कागदावर लिहून मिळतील. बाहेरच्या फ्रेममध्ये काचा बसवणं इतके. बाहेरच्या चष्म्याचं फिटिंग पन्नास रुपये. आमच्याकडच्या चष्म्याला कायम मोफत. तपासणीचे आणि फिटिंगचे पैसे वेगळे मिळू लागले की फ्रेमच्या पोटात दडवलेला खर्च बाहेर येतो, आणि १,२०० ची फ्रेम ८०० ला लावता येते. मग फोनवरच्या पाचशेकडे पाहून गिऱ्हाईक एवढं दचकत नाही.

पीडी लिहून द्यायचं का, यावर दुकानदारांमध्ये वाद होतो. "आम्ही माप द्यायचं आणि त्याने ऑनलाइन मागवायचं?" हो, द्यायचं, पैसे घेऊन. ज्याला जायचं आहे तो जाणारच. निदान मापाचे पैसे देऊन जाईल. त्याचा चष्मा घसरायला लागला की कागदावर तुमच्या दुकानाचं नाव आणि फोन असेल.

"शेजारचा फुकट करतो" ही अडचण पहिले सहा महिने येईल. काही गिऱ्हाइकं रागावून जातील, त्यातली काही शेजाऱ्याकडेच राहतील. पहिल्या दिवशी पन्नास रुपये मागताना काकांची जीभ अडखळेल, म्हणून तर पाटी हवी. ती काउंटरच्या मागे, डोळ्यांच्या उंचीवर लावा. आणि अक्षरं एवढी मोठी ठेवा, की चष्मा काढून काउंटरवर ठेवलेल्या माणसालाही वाचता येतील.